मेणराजाचं ताट

आरशात बघत तिनं आधी करंगळी पुसली. मग अनामिका, मग मधलं बोट, मग तर्जनी आणि सगळ्यांत शेवटी अंगठा. प्रत्येक बोटाला रुमालाची नवी घडी. घाई म्हणून नाही. नजर बोटांवर नाही, समोर. समोर कुणीतरी उपाशी उभं आहे, वाट बघतंय, आणि ते आपल्याला ठाऊक आहे, अशी ती नजर. ओठांचा डावा कोपरा तिनं जरासा वर नेला, तीन आकडे मोजेपर्यंत तसाच धरला आणि पेन उचलून पडद्यावरच्या मेणराजाच्या ओठाचा कोपराही तेवढाच वर नेला.

कार्टूनच्या त्या स्टुडिओत प्रत्येकाच्या टेबलावर आरसा होता. जो चेहरा काढायचा तो आधी स्वतः करायचा, ही त्या कामाची रीतच. घोडा काढणारासुद्धा आधी नाकपुड्या फेंदारून बघायचा. नव्या माणसाला पहिले दोन दिवस हसू यायचं, तिसऱ्या दिवशी तोही आरशात जीभ काढून बसलेला असायचा.

"शी," मागून आवाज आला. "काटा आला बघ अंगावर."

मालिकेची दिग्दर्शिका चहाचा कप घेऊन मागे उभी होती. सगळे तिला पाठीमागे हेडबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

"जास्त झालं का?" तिनं विचारलं.

"जास्त? अगं, याच्यासाठी तर मुलं बसतात टीव्हीसमोर. नायिका बिचारी दोन भाग दिसली नाही तर कुणी विचारणारही नाही."

"ऐकतोय मी," पलीकडच्या टेबलावरून, सगळे ज्याला दाढी म्हणत तो म्हणाला. नायिका त्याच्याकडे होती. मेणनगरीत घरोघर दिवे लावत फिरणारी काडी नावाची पोर. दोन वर्षं तो आरशासमोर निरागस डोळे करत होता, छातीपर्यंत दाढी वाढवून.

आणि तिच्याकडे होता मेणराजा. तो तलवार चालवत नसे, वीज पाडत नसे. पाहुणा म्हणून दारात यायचा. घरात जे असेल ते चवीनं जेवायचा, गोड बोलायचा, बोटं पुसायचा आणि निघून जायचा. तो गेल्यावर घरातल्या माणसांचे चेहरे गुळगुळीत झालेले असायचे, ओल्या मेणावरून कुणी तळहात फिरवावा तसे. नाक नाही, डोळे नाहीत. पुढच्या वेळी आला की तीच माणसं दार उघडायची.

हेडबाईनं तिच्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा ठेवला. मुलांची पत्रं, वाकड्या अक्षरातली.

"वाच. शेवटच्या भागाची मीटिंग आहे अकराला. तेवढ्यात वाच."

तिनं वाचली. मला मेणराजा आवडतो कारण त्याला कुणी रागवत नाही. मला मेणराजा आवडतो कारण तो ओरडत नाही तरी सगळे ऐकतात. मी मोठेपणी मेणराजा होणार आहे. एका पत्राला कडेला मेणबत्तीचं खरं मेण थापलं होतं आणि त्यात केस अडकला होता. तिनं ते पत्र दोन बोटांनी उचलून गठ्ठ्याच्या तळाशी सारलं आणि बोटं पाठीमागे कुर्त्याला पुसली.

मीटिंगमध्ये ठरलं ते असं. मेणराजाला लहानपणी उपाशी ठेवलेलं असतं. शेवटच्या भागात काडी त्याला आपल्या हातानं वाढते, तो जेवतो, त्याच्या डोळ्यांतून पहिल्यांदा मेण ओघळतं आणि नगरी त्याला माफ करते.

"दुःख पाहिजेच," दाढी म्हणाला. "दुःख दिलं की खलनायक माणूस होतो."

"तो कधी चिडत नाही, हे मुलांना आवडण्याचं खरं कारण," हेडबाई म्हणाली. "चिडणारा माणूस मुलांना घरोघर बघायला मिळतो. तुझं काय म्हणणं? काढतेस तर तूच."

तिचं म्हणणं होतं. गेली दोन वर्षं होतं. पण ते त्या टेबलावर मांडण्यासारखं नव्हतं.

"तो सुखी आहे," ती एवढंच म्हणाली. "त्याला दुःख कशाला चिकटवायचं?"

"कारण त्याला मारता येत नाही आता," हेडबाई म्हणाली. "मुलं रडतील. जेवणाचा प्रसंग तुझा. सोमवारपर्यंत कच्चा दाखव. आणि ते बोटं पुसणं ठेव, ते म्हणजे त्याचा जीव आहे."

*

संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले होते. सासऱ्यांचं जेवण होत आलं होतं.

सासरे नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झाले होते. सरळ पाठ, सरळ भांग, हळू बोलणं. शेजारीपाजारी त्यांना देवमाणूस म्हणत. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यानं तिला पहिली गोष्ट सांगितली होती ती हीच, की आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. हे खरं होतं. सहा वर्षांत तिनंही तो ऐकला नव्हता.

त्यांनी संत्रं घेतलं. फोडीवरचं पांढरं एकेक तंतू करून काढलं. फोड ओठांत धरून आतला रस ओढला, ओला, बारीक, लांबत जाणारा आवाज करत. मग चोथा जिभेनं पुढं ढकलून ताटात टाकला. बी ओठांवर आणली, बोटावर घेतली आणि ताटाच्या काठावर ठेवली. दुसरी तिच्या शेजारी. तिसरी. एका रांगेत, सारख्या अंतरावर, लाळेनं चकाकत. समोर बसलेली सून मान खाली घालून आपला घास चावत होती. बिया न बघताही तिला मोजता येत होत्या. सात.

मग त्यांनी रुमाल घेतला आणि बोटं पुसली. सावकाश, एकेक. तिनं मान आणखी खाली घातली. बघायची गरजच नव्हती, दोन वर्षं तेच तर काढत होती. पुसून झाल्यावर तो रुमाल त्यांनी चुरगाळला, ताटात उरलेल्या रश्श्यात ठेवला, बोटानं दाबून नीट बुडवला आणि ताट चार बोटं पुढं सारलं.

सासू उठली. तिच्या हातात अर्धा घास होता, तो तिनं आपल्या ताटात परत ठेवला. ताट आत नेलं. नळाखाली रश्श्यातला रुमाल दोन बोटांनी ओढून काढल्याचा, पिळल्याचा आवाज आला. ती परत येईपर्यंत तिच्या ताटातल्या भाजीवर तेलाचा थर धरला होता.

"अगं, ते टीव्हीचं नवीन बटण लाव बरं," सासरे म्हणाले. सासूनं रिमोट उचलला, चष्म्यातून बघत एक बटण दाबलं, दुसरं दाबलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तुला नाही जमायचं."

पोरीच्या अंगावर पांघरूण घालताना बोलतात त्या आवाजात. त्यांनी रिमोट तिच्या हातातून काढून घेतला, इतक्या हलकेच की घेतला म्हणावं तरी पंचाईत.

हे वाक्य मेणराजासाठी सुनेनंच दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये सुचवलं होतं. आता ते मुलांच्या दप्तरांवर होतं, पाण्याच्या बाटल्यांवर होतं. मेणराजाच्या रबरी बाहुलीचं पोट दाबलं की ती तेच म्हणायची. बाहुलीचं तोंड मुद्दाम मऊ केलेलं होतं, बोट लावलं की खोल आत जायचं. घरात तशी एक बाहुली होती, सासऱ्यांनी नातीला आणून दिलेली.

"तुमचा मेणराजा माणूस शिस्तीचा आहे हं," सासरे तिच्याकडे वळून म्हणाले. "मला आवडतो. त्याला लोक समजून घेत नाहीत एवढंच."

"हो बाबा," ती म्हणाली.

"आता शेवटाला त्याचं काय करणार?"

"माफ करणार आहेत."

"उत्तम. वाईट कुणी नसतं मुळात."

ठकू, तिची पाच वर्षांची लेक, जमिनीवर ठोकळ्यांचं घर रचत होती. आजी तिच्याशेजारी गुडघ्यावर हात टेकून बसली आणि छपराचा लाल ठोकळा कसा बसतो ते बघू लागली. ठोकळा बसेना. तिनं तो उलटा करून बघितला.

ठकूनं खेळ थांबवला. फ्रॉकच्या टोकाला आपली करंगळी पुसली. मग तिच्याशेजारचं बोट. मग मधलं. एकेक, सावकाश, आजीकडे बघत. मग तिनं आजीच्या हातातला ठोकळा काढून घेतला.

"राहू दे आजी. तुला नाही जमायचं."

तोंड ठकूचं, आवाज तोच. त्यातला मऊपणा, वाक्याच्या शेवटी तो जरासा श्वास सोडणं, काहीही चुकलं नव्हतं.

सासरे हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बघा! कार्टून बघून पोरं काय काय उचलतात!"

"तुझीच करणी," नवरा तिला म्हणाला. तोही हसत होता.

"बरं बाई," आजी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

ठकूच्या आईच्या तोंडात घास होता. तो गिळला जाईना आणि ताटात काढून ठेवणंही शक्य नव्हतं, कारण काठावर रांगेनं ठेवलेल्या त्या सात बिया डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. तोंडातल्या घासाला अचानक चव राहिली नाही, नुसतं ओलं वजन राहिलं. ती उठून मोरीपाशी गेली आणि नळ मोठा सोडला.

*

सकाळी ठकूला आंघोळ घालताना तिनं तिचा हात आपल्या हातात घेतला. बाळ असताना या बोटांची नखं ती दातांनी कुरतडायची, कात्री लावायचा धीर होत नसे. आता साबण लावून तिनं एकेक बोट चोळलं. बोटांच्या पेरांवर अजून बाळपणाचे खळगे होते.

"आई, दुखतंय."

"काल आजीला तसं का बोललीस गं?"

"कसं?"

"तुला नाही जमायचं, असं."

ठकूनं विचार केला. "गंमत," ती म्हणाली.

"आजीला वाईट वाटलं असेल."

"नाही वाटलं," ठकू समजूत घातल्यासारखी म्हणाली. "मेणराजा म्हणतो तेव्हा कुणालाच वाईट नाही वाटत. तू बघत नाहीस का?"

तिनं तांब्याभर पाणी पोरीच्या खांद्यावर ओतलं. मेणराजा बोलतो तेव्हा चित्रात सगळा वेळ त्याचाच चेहरा असतो. समोरच्याचा चेहरा काढायचं काम तिचं नव्हतं. खरं तर ते कुणाचंच नव्हतं.

टॉवेलात गुंडाळलेली पोर कडेवर घेऊन ती आरशासमोरून गेली तेव्हा तिनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. मालिका संपेपर्यंत ठकूच्या मनातून हा माणूस उतरला पाहिजे. माफी वगैरे हेडबाई बघून घेईल. आपण त्याला असा काढायचा की पोरीला शिसारी आली पाहिजे.

ते तिला येत होतं. तीन दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. त्याच्या हनुवटीखाली मेणाच्या वळ्या काढल्या, घास गिळला की आतून हलणाऱ्या. कानातून पिवळा ओघळ काढला. दातांच्या फटीत काल काय खाल्लं ते काढलं. तो हसला की गालावरचा एक पापुद्रा सुटून रश्श्यात पडायचा आणि मेणराजा तो चमच्यानं उचलून परत खायचा. हे सगळं ती आधी आरशात करून बघायची. दोनदा ती टेबल सोडून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"तुला बरं नाहीये का?" दाढीनं विचारलं.

"बरी आहे."

"मग माझ्याकडे तोंड करून ते करू नकोस. माझी नायिका ओकेल."

शनिवारी कामावरच्या लोकांनी आपापली मुलं आणली. नवीन भाग पुरा होण्याआधी मुलांना कच्ची चित्रं दाखवायची आणि त्यांच्याकडे बघत बसायचं, ही हेडबाईची पद्धत. सतरंजीवर अकरा मुलं बसली. ठकू सगळ्यांत पुढं.

मेणराजानं घास गिळला, हनुवटीखालचं हललं. मुलं किंचाळली. कानातून पिवळं आलं. एक मुलगा मागे उलटा पडला आणि पाय झाडत हसू लागला. पापुद्रा रश्श्यात पडला, चमच्यानं उचलला गेला, तोंडात गेला.

"ईऽऽऽ!" सगळी मुलं एकदम, आणि त्या मागोमाग, "परत! परत दाखवा!"

ठकूनं मान वळवून आईकडे पाहिलं. डोळे चमकत होते. इतक्या अभिमानानं पोरीनं तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"कमाल केलीस," हेडबाई तिच्या कानाशी म्हणाली. "घाण म्हणजे मुलांना खाऊच. सगळं ठेव. फक्त शेवटी रडव."

सतरंजी गोळा करताना तिला कोपऱ्यात दोन मुलं दिसली. एकानं आपली लाळ तळहातावर घेतली होती आणि दुसरा ती बोटानं ताणून बघत होता. त्यांना हाकलावं असं तिला वाटलं. पण कोणत्या तोंडानं, हे कळेना.

*

रविवारी दुपारी घर शांत होतं. नवरा कामानिमित्त बाहेर, ठकू आतल्या खोलीत झोपलेली. सासरे नुकतेच जेवून दुसऱ्या खोलीत आडवे झाले होते. ठकूच्या झोपेचा दीड तास म्हणजे तिचा दीड तास. दुसऱ्या दिवशी जेवणाचा प्रसंग दाखवायचा होता आणि तिच्याकडे किळसवाण्या चित्रांचा ढीग होता. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

सासू टेबलापाशी आली आणि सासऱ्यांच्या ताटाला हात घातला.

"आई, राहू द्या दोन मिनिटं. मला ते ताट हवंय."

"उष्टं?"

"कामाला."

सासूनं हात मागे घेतला. तिचे हात ओले होते, ते पदराला पुसत ती तिथंच उभी राहिली.

सुनेनं मसाल्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, ताट आणि खुर्ची त्यात दिसतील असा. रेकॉर्डिंग सुरू केलं. मग सासऱ्यांच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून कोमट होती, आणि ती ऊब आपल्या अंगाला लागतेय हे तिला सहन होईना. ताटात चोथ्याचा गोळा होता, पांढऱ्या तंतूंचा गुंता होता, काठावर बिया होत्या, आज नऊ. रश्श्यात बुडालेला रुमाल होता. तो काही तिला उचलवेना. तिनं खिशातला आपला रुमाल काढला, पाठ सरळ केली, ओठाचा डावा कोपरा वर नेला आणि करंगळी पुसायला घेतली.

"अंगठा आधी," सासू म्हणाली.

तिचा हात थांबला.

"ते अंगठा आधी पुसतात," सासू म्हणाली. "मग इकडून असं एकेक. करंगळी शेवटी. करंगळीला दोनदा."

फोनवरचे आकडे सरकत होते. तिनं ओठ खाली आणायचा प्रयत्न केला. तो चटकन खाली येईना.

"तू नेहमी करंगळीपासून काढतेस," सासू म्हणाली. "मला वाटायचं, मुद्दाम असेल. कुणी ओळखू नये म्हणून."

"नाही," ती म्हणाली. "मी नीट बघितलंच नव्हतं. मान खाली घालून बसते ना मी."

"हं. मीही पहिली चार-पाच वर्षं तशीच बसायचे."

ती रुमालाकडे बघत राहिली. करंगळीपासून. ठकूही करंगळीपासूनच पुसते. ठोकळे बाजूला ठेवून, फ्रॉकच्या टोकाला, आधी करंगळी. आजोबांसमोर बसून रोज जेवणारी पोर आजोबांकडून हे शिकली नव्हती. आजोबांच्या चुकीच्या नकलेवरून शिकली होती, आणि ती नक्कल काढणारा हात या घरात एकच होता. तिनं हातातला रुमाल टेबलावर ठेवला. आपलाच तळहात तिला पापुद्र्यासारखा दिसला.

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या भागात. तो म्हातारीच्या घरी जेवतो तो."

"बोलला नाहीत काही."

"काय बोलू? छान काढतेस." सासूनं पदर सारखा केला. "यांच्या ताई आल्या होत्या ना गेल्या खेपेला, त्यासुद्धा म्हणाल्या, काय रुबाब आहे या राक्षसाचा. सख्ख्या बहिणीला कळलं नाही. मी म्हटलं, आहे खरा."

मग सासूला हसू आलं, आवाज न करणारं, खांदे हलवणारं. तिलाही आलं. पण ते फार टिकलं नाही.

"आई, मला त्याला वाईट करायचाय. जमत नाहीये. काहीही केलं तरी पोरांना तो आवडतोच."

सासूनं समोरची खुर्ची ओढली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"एक विचारू? मला त्यातलं काही कळत नाही हं."

"विचारा."

"त्याचं ताट कोण उचलतं?"

"म्हणजे?"

"तो जेवतो. बोटं पुसतो. रुमाल आत बुडवतो, ते बरोबर दाखवतेस. ताट पुढं सारतो. मग उठून जातो, आणि पुढच्या चित्रात टेबल लख्ख. मी दर वेळी बघते. म्हणते, आता कुणीतरी येईल. कुणीच येत नाही." ती ताटाकडे बघत होती. "आपोआप जातं का ते?"

"तिथं कट असतो आई," ती म्हणाली. "तो उठला की कट. मग दुसरं दृश्य."

"अस्सं," सासू म्हणाली. "मला वाटलं, जादूच आहे काहीतरी."

दोन वर्षांतली त्याची सगळी जेवणं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. तेवीस घरं. तेवीस वेळा तो ऐटीत उठला होता, आणि तेवीस वेळा तिनंच त्याच्या पाठोपाठ टेबल पुसून दिलं होतं. चिंधीसुद्धा न घेता.

"आई," ती खुर्चीतून उठत म्हणाली, "उचलाल का ताट? इथं, फोनसमोर?"

"मी?"

"तुमचा चेहरा नाही येणार. नुसते हात."

"चेहरा आला तरी काय बिघडलंय," सासू म्हणाली. तिनं बांगड्या मागे सारल्या. "कसं उचलू?"

"रोज उचलता तसं."

सासूनं उचललं. आधी रुमालाचं टोक रश्श्यातून बाहेर काढून काठावर घेतलं, म्हणजे तो घसरणार नाही. मग काठावरच्या बिया अंगठ्यानं एकेक आत लोटल्या. मग डाव्या हातानं ताट, उजव्या हातानं ताटाखाली सांडलेलं पुसून घेणं. एकही हालचाल वाया गेली नाही. सहा सेकंद लागले. सून बघत होती. सहा वर्षं हे तिच्या पाठीमागे, तिच्या शेजारी घडत होतं आणि तिनं एकदाही आरशात करून बघितलं नव्हतं.

"पुन्हा घ्यायचं?" सासूनं विचारलं. "तुमच्यात दोनदा-तीनदा घेतात ना?"

"घेऊ."

सासूनं ताट परत जागेवर ठेवलं. बिया बोटानं काठावर आणून मांडल्या, एका रांगेत, सारख्या अंतरावर. नववी जरा वाकडी होती, ती सरळ केली. रुमाल रश्श्यात बुडवला, बोटानं दाबला. ताट चार बोटं पुढं सारलं. मग मागे सरकली आणि पुढं येऊन ताटाला हात घातला. या वेळी हात ताटाच्या काठाला लागला आणि थांबला.

बराच वेळ थांबला. मनगटावरच्या बांगड्या हळूच खाली घसरल्या.

मग सासूनं हात मागे घेतला. पदराला पुसला. ओढून ठेवलेल्या खुर्चीत ती बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"असंही एक घेऊन ठेव," ती म्हणाली. "लागलं तर."

दुसऱ्या खोलीतून पलंग करकरला.

"अगं," सासऱ्यांचा आवाज आला, मऊ, सावकाश. "आवरलं का तुझं? इकडं ये बरं जरा."

सासू ताटाकडे बघत होती. काठावरची एक बी घसरली, रश्श्यात पडली आणि बुडाली.

"अगं, ऐकलंस का?"

फोन बंद करायला पुढं झालेला हात सुनेनं मागे घेतला; फोनवरचे आकडे सरकत राहिले.